ओल्ड कोर्सवर गोल्फ खेळायला जाताय? वाचकांचे प्रश्न

जूनमध्ये मुलाकडे लंडनला जातोय. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर एकदा तरी खेळायचंय. पण इतक्या मानाच्या ठिकाणी बाहेरच्याला घेतात का? – पुणे

घेतात. पहिल्या टीमागची, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेमागची, दगडी इमारत रॉयल अँड एन्शंट क्लबची, तिथे सभासदांनाच प्रवेश. मैदान मात्र सार्वजनिक आहे, त्याची देखभाल ट्रस्ट करतो.

खेळायची वेळ बहुधा सोडतीतून मिळते, आपल्या म्हाडाच्या घरांसारखी. खेळायच्या दोन दिवस आधी दुपारपर्यंत नावं द्यायची, गटात किमान दोघं आणि जास्तीत जास्त चौघं. तुम्ही एकटेच असाल तर आदल्या दिवशी तिथे जाऊन एकट्यांच्या सोडतीत नाव घाला. २०२४ पर्यंत यासाठी लोक रात्रभर रांगेत बसायचे.

म्हणून कळकळीनं सांगतो, एकाच दिवसावर भिस्त ठेवून जाऊ नका. चार-पाच रात्री तरी राहा आणि रोज नाव द्या. मधल्या दिवसांसाठी तिथलंच दुसरं मैदान, न्यू कोर्स, आधीच बुक करून ठेवा. नाव ‘न्यू’ असलं तरी तो १८९५ चा आहे आणि फार सुंदर आहे. गावात रेल्वे स्टेशन नाही. ल्यूकर्सला उतरून बस घ्या.

मी वर्षभर फक्त ड्रायव्हिंग रेंजवर (लांब फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर) सराव केलाय. चालेल? – ठाणे

ओल्ड कोर्सवर नाही. तिथे अधिकृत हँडिकॅपचा, म्हणजे तुमचा खेळ किती चांगला हे सांगणाऱ्या आकड्याचा, दाखला दाखवावा लागतो. तुमच्यासाठी तिथलाच नऊ होलचा बालगोव्ह कोर्स आहे, तो नवशिक्यांसाठीच केलाय. हँडिकॅप मिळवा आणि मग ओल्ड कोर्सकडे वळा. घाईनं जाऊन त्या मैदानाची मजा घालवू नका.

गुडघे दुखतात, बग्गी (मैदानावर फिरायची छोटी गाडी) मिळेल का? आणि कॅडीवर (बॅग उचलून सल्ला देणाऱ्या मदतनिसावर) खर्च करावा का? – नाशिक

इथे चालतच खेळायची रीत आहे. वैद्यकीय कारण असेल तर आधी लेखी विचारून घ्या.

कॅडी मात्र जरूर घ्या, दुसरीकडे काटकसर करा. ११२ बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, आहेत आणि कित्येक टीवरून दिसतच नाहीत. होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीला ग्रीन म्हणतात. इथे सात ग्रीन जोडग्रीन आहेत, एकाच हिरवळीवर दोन होल आणि दोन झेंडे. त्यांच्या होलांची बेरीज नेहमी १८ येते: दुसरा-सोळावा, पाचवा-तेरावा. चुकीच्या झेंड्याकडे मारणारे पाहुणे मी पाहिलेत. सतराव्या ‘रोड होल’वर तर पहिलाच फटका हॉटेलच्या कोपऱ्यावरून मारायचा असतो. कुठल्या रेषेत मारायचा, हे माहीतगार माणूसच सांगू शकतो. कॅडीची फी आणि टीप ग्रीन फीपेक्षा, म्हणजे मैदानाच्या शुल्कापेक्षा, वेगळी धरा.

नोव्हेंबरमध्ये स्वस्त पडेल ना? – मुंबई

पडेल. हंगामात ग्रीन फीच ३०० पौंडांच्या वर जाते. पण हिवाळ्यात गवत जपण्यासाठी फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या गवती पट्ट्यावर) छोट्या मॅटवरून खेळावं लागतं आणि अंधार लवकर पडतो. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. परवडत असेल तर जूनच निवडा. वाऱ्यात छत्री टिकत नाही, चांगलं रेनजॅकेट न्या.

पत्नी खेळत नाही. तिनं काय करावं? – कोल्हापूर

रविवार गाठा. मोठ्या स्पर्धा सोडल्या तर रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो आणि गावकरी तिथे फिरायला येतात. दोघं मिळून मैदानातल्या छोट्या दगडी स्विल्कन पुलावर उभं राहून फोटो काढा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पटिंग ग्रीनवर, म्हणजे चेंडू हळूच होलात ढकलायच्या हिरवळीवर, जा. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या बायकांच्या पटिंग क्लबचं ते मैदान पाहुण्यांनाही खुलं असतं. चढउतारांमुळे त्याचं नाव पडलंय ‘हिमालयाज’. हातात फक्त पटर आणि चेंडू लागतो, त्यामुळे वहिनीही पहिल्याच दिवशी खेळतील.