बाप घरात का नाही, हे विचारण्याआधी काम कुठे गेलं ते पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत डेट्रॉइटच्या उपनगरातल्या तुमच्या गोदामात दोन कृष्णवर्णीय कामगारांच्या पगारातून कोर्टाच्या आदेशाने मुलांच्या पोटगीपायी दर आठवड्याला मोठी रक्कम कापली जाते. त्यावर एक सहकारी म्हणाले, "या लोकांना काम टिकवता येत नाही, पोरं टाकून जातात, त्यांची संस्कृतीच तशी." यात तथ्य किती, असं तुम्ही विचारलंय. मी याच भागात बरीच वर्षं राहतो आणि मुलांच्या पोटगीचे अर्ज भरायला बापांना मदत करणाऱ्या एका केंद्रात स्वयंसेवक म्हणून बसतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या सहकाऱ्यांनी क्रम उलटा लावलाय. घर मोडलं म्हणून काम गेलं असं बहुतेक ठिकाणी झालेलं नाही. काम आधी गेलं. मग बेकार बापाला घरात राहणंच कठीण होईल असे नियम एकामागून एक आले.

कृष्णवर्णीयांची बेरोजगारी तेजी असो वा मंदी, गोऱ्यांच्या साधारण दुप्पट राहत आली आहे. 1983 च्या जानेवारीत ती 21 टक्क्यांवर होती. 2023 च्या एप्रिलमध्ये ती पाच टक्क्यांच्या खाली आली, तेव्हा तो विक्रम ठरला. शिवाय या आकड्यात तुरुंगातला माणूस धरत नाहीत, आणि गेल्या चार आठवड्यांत ज्याने काम शोधलेलं नाही तोही धरत नाहीत. दहा दारं ठोठावून थकलेला माणूस त्या हिशेबात बेकारच नसतो.

आता डेट्रॉइटचंच बघा. 1910 ते 1970 या काळात सुमारे 60 लाख कृष्णवर्णीय दक्षिणेतली शेतं सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत आले. इथे त्यांना ओढून आणलं मोटारींच्या कारखान्यांनी. फोर्डने 1914 मध्ये दिवसाला 5 डॉलर देऊ केले होते, आणि पुढे त्यांच्याच रूज कारखान्यात हजारो कृष्णवर्णीयांना काम मिळालं. बरेचदा ते भट्टीजवळचं, सर्वांत धोक्याचं काम असे. तरी एका पगारावर घर उभं राहत होतं, लग्नं होत होती, चर्चला वर्गणी जात होती. पण नोकरीत शेवटी घेतलेला माणूस कपातीत पहिला जातो. कारखाने उपनगरांत, दक्षिणेत, देशाबाहेर गेले तसा फटका आधी यांनाच बसला. 1950 मध्ये साडेअठरा लाख वस्तीचं हे शहर 2020 मध्ये साडेसहा लाखांच्याही खाली आलं. शिकागोच्या वस्त्यांचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ विल्यम ज्युलियस विल्सन यांनी 1980 च्या दशकात हेच मांडलं: पगारदार तरुण कमी झाले की लग्नंही कमी होतात. 1965 मध्ये कामगार खात्यातले अधिकारी मॉयनिहन यांनी कृष्णवर्णीय कुटुंबांवर अहवाल लिहिला, तेव्हा लग्नाबाहेर जन्मणाऱ्या मुलांचं प्रमाण चोवीस टक्क्यांच्या आसपास होतं. आज ते सत्तरच्या घरात आहे. त्या अहवालात बेरोजगारीचीही आकडेवारी होती, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते फक्त "मोडकं कुटुंब".

बरं, काम शोधायला गेलं तर? समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी 2001 मध्ये मिल्वॉकीत एक प्रयोग केला. सारखी पात्रता दाखवणारे तरुण नोकऱ्या मागायला पाठवले. दोघे गोरे, दोघे कृष्णवर्णीय. प्रत्येक जोडीतला एक जण अर्जात तुरुंगवास झाल्याचं सांगायचा. स्वच्छ गोऱ्याला 34 टक्के ठिकाणांहून परत बोलावणं आलं, तुरुंगवास सांगणाऱ्या गोऱ्याला 17 टक्के. आणि कसलाही डाग नसलेल्या कृष्णवर्णीयाला? 14 टक्के. डाग असलेल्याला 5. म्हणजे तुरुंगातून सुटलेला गोरा तरुण निष्कलंक काळ्या तरुणाच्या पुढे. आळशीपणाच्या गप्पा मारणाऱ्यांना मी हे चार आकडे नेहमी सांगतो.

काम मिळालं तरी तिथे पोचायचं कसं, हा इथला वेगळाच जाच आहे. आपली मराठी मंडळी जिथे दाटीने राहतात त्या नोवायमध्ये कित्येक वर्षं उपनगरी बससेवाच नव्हती, कारण गावाला त्या व्यवस्थेतून बाहेर राहण्याची मुभा होती. 2022 च्या नोव्हेंबरमधल्या मतदानानंतर ओकलंड काउंटीत, म्हणजे नोवाय ज्या जिल्ह्यात येतं तिथे, ती मुभा गेली. 2015 मध्ये डेट्रॉइटच्या एका कामगाराची बातमी देशभर गाजली होती. रोचेस्टर हिल्स या उपनगरातल्या कारखान्यात जाण्यायेण्यासाठी तो बस जिथे संपते तिथून पुढे पायी जायचा. दिवसाला सुमारे 21 मैल, अशी दहा वर्षं. लोकांनी त्याच्या जिद्दीचं कौतुक केलं. मला मात्र राहून राहून वाटतं, एका साध्या नोकरीसाठी माणसाला एवढं चालावं लागतं याचा जाब कुणीच कसा विचारला नाही?

आता नियमांकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. गरीब आईला सरकारी मदत हवी तर घरात पुरुष दिसता कामा नये, असा दंडक अनेक राज्यांत होता. अधिकारी रात्री-अपरात्री येऊन कपाटात पुरुषाचे कपडे आहेत का ते बघायचे. अलाबामातला असा नियम सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये रद्द केला. पण बेकार बाप घरात असतानाही मदत द्यायलाच हवी, अशी सक्ती सगळ्या राज्यांवर व्हायला 1990 साल उजाडलं. बेकार बापाने घर सोडलं तर मुलांना दूध मिळायचं. अशा वेळी घर सोडणाऱ्याला बेजबाबदार म्हणायचं का?

मग 1986 चा अमली पदार्थांचा कायदा. 5 ग्रॅम क्रॅकला (कोकेनचाच स्वस्त, ओढायचा प्रकार) जी किमान पाच वर्षांची शिक्षा, तीच पावडर कोकेनला 500 ग्रॅमवर. गरीब काळ्या वस्त्यांत क्रॅक होतं, त्यामुळे बाप तिथून उचलले गेले. 2010 मध्ये हे 100 ला 1 चं प्रमाण 18 ला 1 वर आणलं. तोवर एक पिढी आत जाऊन आली होती.

त्याच 1986 मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली, जिचं नाव फारसं कुणी घेत नाही: पोटगीची थकबाकी एकदा चढली की न्यायाधीशालाही ती मागे जाऊन कमी करता येत नाही. काम गेलं, तरी आदेश जुन्या पगाराचाच चालू राहतो. तुरुंगात असतानाही आकडा चढत राहायचा, कारण काही राज्यं तुरुंगवासाला "स्वखुशीची बेकारी" समजत. तसं समजणं केंद्र सरकारने 2016 मध्ये नियम करून थांबवलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तरी थकबाकीपायी वाहनपरवाना निलंबित होतो, म्हणजे उरलंसुरलं कामही जातं. आणि आई सरकारी मदतीवर असेल, तर बापाने भरलेल्या पैशातला बराचसा भाग अनेक राज्यांत मुलाकडे न जाता सरकारच्या वसुलीत जमा होतो.

आमच्या केंद्रात एक चाळिशीचे गृहस्थ आले होते. प्लास्टिकच्या पिशवीत पगाराच्या चिठ्ठ्या नीट तारखेने लावलेल्या. हातात येणाऱ्या पगारातून जवळजवळ निम्मी रक्कम कापलेली. केंद्रीय कायदा पासष्ट टक्क्यांपर्यंत कापू देतो, आपल्या मिशिगन राज्यात मर्यादा निम्म्याची आहे. मुलगी दोन गल्ल्या पलीकडे आजीकडे राहते. मी विचारलं, भेटता का? म्हणाले, वाढदिवसाला गेलो नाही, हात हलवत कसं जायचं? अशी माणसं हळूहळू रोखीच्या, कुठेही नोंद नसलेल्या कामांकडे वळतात, मग घरापासूनही तुटतात. सगळा भार आई आणि आजी उचलतात, दोन-दोन पाळ्या करून. बाप जवळ असला तर तो काय करतो, याचं उत्तरही सरकारी आरोग्य आकडेवारीत आहे. 2013 च्या अहवालानुसार मुलांबरोबर राहणाऱ्या कृष्णवर्णीय बापांपैकी सत्तर टक्के रोज लहानग्यांची आंघोळ, कपडे, लंगोट बघत होते. गोऱ्यांत साठ टक्के. संस्कृतीचा मुद्दा मांडणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

पुढच्या पिढीवर याचा परिणाम होतोच. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये दाखवलं की सारख्याच उत्पन्नाच्या घरांत वाढलेले काळे मुलगे मोठेपणी गोऱ्या मुलग्यांपेक्षा बरंच कमी कमावतात. मुलींमध्ये तसा फरक जवळजवळ नाही. गरिबी कमी आणि वस्तीत कृष्णवर्णीय बाप अधिक, अशा ठिकाणी मुलग्यांचं बरं चालतं. स्वतःचा बाप घरात असो वा नसो, शेजारचे बाप कामावर जाताना दिसणं यालाही मोल आहे.

तुम्ही मॅनेजर आहात म्हणून दोन गोष्टी सांगतो. पोटगीची कपात चालू आहे या कारणासाठी कुणाला कामावरून काढता येत नाही, हे तुमच्या वरिष्ठांनाही माहीत असू द्या. कोर्टाची तारीख असेल तर अर्धा दिवस सोडा. तारीख चुकली तर वॉरंट निघू शकतं. आणि तुमच्याकडे पाळ्या कमी होणार असतील तर त्या दोघांना त्याच दिवशी तसं लेखी द्या. आदेश बदलून मागायचा अर्ज दाखल होऊन त्याची सूचना समोरच्या पक्षाला ज्या तारखेला दिली जाते, फार तर तेव्हापासूनच रक्कम कमी होऊ शकते. आधीचे आठवडे कायमचे अंगावर पडतात. अर्ज भरायला कुणाची मदत लागली तर मला व्यक्तिगत संदेश करा, मी त्यांच्याबरोबर बसेन.