सांगलीतल्या आमच्या सोसायटीचं जुनं पार्किंग दुरुस्त करायचंय, सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की बिल्डिंग २२ वर्षं जुनी आहे, चार-पाच कॉलमच्या सळ्या उघड्या पडल्यात, स्लॅबचे पोपडे गाड्यांवर पडतायत आणि एक काँट्रॅक्टर म्हणतोय पोपडे काढून प्लॅस्टर मारतो, कलर देतो, पंधरा दिवसात मोकळं. कृपा करून त्याला आत्ता हो म्हणू नका. आम्ही म्हटलेलं.

आमची सोसायटी गावभागाच्या बाजूला, नदी जवळच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४५ फूट), तेव्हा आमच्या पार्किंगमध्ये छातीपर्यंत पाणी होतं आणि ते उतरायला बरेच दिवस लागले. मग गाळ काढला, कॉलम फुगलेले दिसले म्हणून घाईत एकाकडून प्लॅस्टर करून घेतलं, दिसायला एकदम झकास. २०२१ च्या जुलैत परत पाणी. आणि २०२३ चा पावसाळा संपता संपता तेच प्लॅस्टर तळहाताएवढ्या तुकड्यांनी सुटायला लागलं. एक तुकडा मी स्वतः ओढून काढला तर आतल्या सळीवरचा गंज पापुद्र्यासारखा बोटाने सोलला जात होता. म्हणजे चार वर्षं आत गंज चालूच होता, आम्ही फक्त झाकून ठेवलेला. गंजलेलं लोखंड मूळच्या लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतं, ते आतून काँक्रीटला ढकलत राहतं, त्यामुळे वरून काय पण मारलं तरी ते सुटणारच.

त्यामुळे आधी स्ट्रक्चरल इंजिनियर, नंतर काँट्रॅक्टर. आणि इंजिनियर सोसायटीने स्वतः नेमलेला पाहिजे, काँट्रॅक्टरने बरोबर आणलेला नको. तसंही सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट ५ वर्षांतून एकदा आणि ३० च्या पुढे ३ वर्षांतून एकदा करायचं असतं, तुमचं झालंय का बघा, नसेल तर हीच वेळ आहे.

आमच्याकडे आलेल्या इंजिनियर मॅडमनी पहिल्या दिवशी फक्त हातोडी आणि खडू घेतला. कॉलम, बीम, स्लॅबचा तळ सगळं ठोकत गेल्या, ठणठण वाजलं तर घट्ट, बद्द वाजलं तर आत पोकळ, पोकळ तिथे खडूचा गोल. संध्याकाळपर्यंत अर्धं पार्किंग गोलांनी भरलं. मग रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, हाफ सेल या टेस्ट झाल्या, त्या कळायला जरा अवघड आहेत, पण एक टेस्ट सगळ्या मेंबरांना उभं करून दाखवायला सांगा. कॉलमचा कोपरा ताजा फोडतात आणि त्यावर पाण्यासारखं दिसणारं फिनॉल्फ्थॅलिन फवारतात. हळदीत चुना मिसळला की लाल कुंकू होतं ना, तसाच प्रकार आहे, काँक्रीटमध्ये सिमेंटचा अल्कलीपणा शिल्लक असेल तर तो भाग गुलाबी होतो, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो संपला असेल तर रंग येत नाही. सळीला गंजापासून वाचवतो तो हा अल्कलीपणाच. आमच्या कॉलमचा बाहेरचा दीड इंच राखाडीच राहिला, त्याच्या आत गडद गुलाबी, आणि सळी होती ती राखाडी भागात. दोन वर्षं खर्चाला विरोध करणारे आमचे काका ते बघून म्हणाले, काय ओ, म्हणजे सळी उघड्यावरच होती की. त्यानंतर मीटिंगमध्ये कुणी प्लॅस्टरचं नाव काढलं नाही.

आता पाण्याचं बोलतो, कारण खरं दुखणं तिथे आहे. आम्ही सगळं खापर पुरावर फोडत होतो, पण पूर काय रोज येत नाही. रोजचं पाणी कुठलं होतं तर वरच्या पोडियमवरच्या, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवरच्या मोकळ्या जागेतल्या, झाडांच्या वाफ्यांचं, तिथलं वॉटरप्रूफिंग केव्हाच गेलेलं, शिवाय ड्रेनेजच्या एका पाइपचा जॉइंट बीमवर ठिबकायचा, आणि तिसरं म्हणजे सकाळी गाड्या धुतलेलं पाणी उतार नसल्यामुळे कॉलमच्या पायाशी साठायचं. सतत ओलं-सुकं, ओलं-सुकं. हे बंद न करता खाली कितीही भारी केमिकल वापरलं तरी पैसे पाण्यात. आम्ही वाफे काढून पोडियमचं वॉटरप्रूफिंग आधी केलं, ७२ तास पाणी कोंडून बघितलं, पाइप बदलला आणि मगच खालच्या कॉलमना हात लावला.

अजून एक, कॉलमच्या भोवतीची फरशी किंवा पेव्हर ब्लॉक काढून खाली बघा. वरून ठीक दिसणारा आमचा ७ नंबरचा कॉलम पेव्हरच्या खाली वीतभर एवढा खाल्ला गेलेला की सळ्यांभोवतीच्या रिंगा तुटून पडल्या होत्या आणि कोपऱ्याची सळी पेन्सिलीएवढी राहिलेली. तो उघडल्यावर आम्ही त्या दिवशीच बीमखाली जॅक, म्हणजे लोखंडी टेकू, लावून घेतले. वरवर बघून दिलेलं कोटेशन इथे फसतं.

प्रत्यक्ष काम थोडक्यात असं. आधी जॅक लावून लोड काढायचा, शेजारशेजारचे दोन कॉलम एकाच वेळी फोडायचे नाहीत. पोकळ काँक्रीट सळीच्या मागे बोट जाईल एवढं तोडायचं, कारण मागची बाजू गंजलेली राहिली तर परत तेच. सळी चकचकीत होईपर्यंत घासायची, जिथे साधारण पाव भाग खाल्ला गेलाय तिथे नवीन सळी जोडायची, मग गंजरोधक प्राइमर, बाँडकोट (जुन्याला नवीन चिकटावं म्हणून), कमी जाडीला पॉलिमर मॉर्टर आणि जास्त जाडीला मायक्रो काँक्रीट (बारीक खडीचं, ओतायचं). आणि क्युरिंग, म्हणजे नवीन काम ओलं ठेवणं! आमचं काम मार्च-एप्रिलमध्ये आलं, सांगलीचं ऊन तुम्हाला माहितीच आहे, दुपारी दोनला गोणपाट कडकडीत वाळलेलं असायचं, शेवटी मेंबरांनी पाळ्या लावून पाणी मारलं. जमलं तर दिवाळी झाली की लगेच सुरू करा, म्हणजे जूनच्या आत निवांत संपतं.

काही कॉलमना जॅकेटिंग लागेल, म्हणजे भोवतीने नवीन सळ्या आणि काँक्रीट. साधारण चार इंच जाडी प्रत्येक बाजूने वाढते हे आधीच टेप लावून मापा, कारण दोन कॉलमच्या मधली जागा आठ इंचांनी कमी होते आणि मग कुणाच्या तरी गाडीचं दार उघडत नाही. आमच्या दोन मेंबरांच्या जागा अशा अडचणीत आल्या, त्यांच्याशी काम सुरू व्हायच्या आधी बसून बोललो, एकाला कोपऱ्याची जागा दिली, दुसऱ्या वहिनींनी त्यांच्या मुलाच्या बुलेटबरोबर अदलाबदल केली. हेच नंतर केलं असतं तर भांडणं झाली असती.

गाड्यांसाठी आम्ही पार्किंगचे तीन भाग केले, एका वेळी एक बंद. चारचाकी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर महिन्याच्या भाड्याने, दुचाकी आतच, पण जॅकच्या रांगेपासून लांब, दोरी बांधून. वयस्कर लोकांच्या स्कूटर लिफ्टजवळ ठेवल्या.

पैशाचं म्हणाल तर सर्वसाधारण सभेत ठराव करून सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेला) वापरता येतो, उरलेलं वर्गणीतून. काँट्रॅक्टरला एकूण रकमेवर काम देऊ नका, बीओक्यू, म्हणजे कुठलं काम किती याची आयटमवार यादी, इंजिनियरकडून बनवून घ्या आणि आयटमप्रमाणे मोजमाप करून बिल द्या, कारण फोडल्यावर काम वाढतंच, आमचं बरंच वाढलं. प्रत्येक कॉलमचा फोडल्यानंतरचा, सळी घासल्यानंतरचा आणि प्राइमर मारल्यानंतरचा फोटो असल्याशिवाय पुढचा थर नाही, हा नियम आम्ही शेवटपर्यंत सोडला नाही. ५ टक्के रक्कम दोन पावसाळे जाईपर्यंत राखून ठेवलेली.

पुराच्या भागात असाल तर हेही करून घ्या. मीटर बोर्ड आणि पंपाचं पॅनल वर न्या. आणि बेसमेंट असेल तर पूर ओसरल्यावर एकदम सगळं पाणी उपसू नका, बाहेरच्या जमिनीत पाणी भरलेलं असताना आतलं काढलं की भिंतीवर आणि फरशीवर बाहेरून दाब येऊन तडे जातात, रोज दोन-तीन फूट असं हळूहळू काढा. आमच्या जुन्या कॉलमवर २०१९ च्या पाण्याची खूण होती, जॅकेटिंगमध्ये ती जाणार म्हणून आधी भिंतीवर लेव्हल घेऊन ठेवली आणि नवीन कॉलमवर लाल पट्टा मारून घेतला, मीटर बोर्ड आता त्या पट्ट्याच्या दोन फूट वर आहे.