पुनर्ध्रुवणाचे श्रेय पंपाला देऊ नये

“आत शिरलेले सोडियम पंप बाहेर काढतो आणि चेतापेशी पुन्हा उणे ७० मिलिव्होल्टवर येते, असे टिपणांत लिहिले आहे; मग एवढे काम पंपाला मिलिसेकंदात कसे जमते?” हा आपला प्रश्न वाचून राहवले नाही, कारण विद्यार्थिदशेत मीही नेमका याच वाक्यापाशी अडलो होतो. आपली शंका रास्त आहे. चूक टिपणांत आहे: पुनर्ध्रुवण, म्हणजे आवेगानंतर (चेतापेशीतील विद्युत संदेशानंतर) विभव पुन्हा खाली येणे, हे पंपाचे (पेशीपटलातून आयन, म्हणजे विद्युतभारित कण, उपसणाऱ्या प्रथिनाचे) काम नव्हे.

विराम विभव (शांत पेशीच्या पटलाच्या आतबाहेरचा विद्युतदाबाचा फरक) आणि उंबरठा (विभवाची ज्या पातळीला आवेग सुरू होतो ती) आपल्याला ठाऊक आहेत असे धरून चालतो. आवेगात सोडियम आत शिरल्याने विभव वर चढते. ते खाली येते दोन कारणांनी: सोडियमच्या वाहिका (पेशीपटलातील आयनांच्या वाटा) उघडल्यानंतर लगेच निष्क्रिय होतात, आणि थोड्या उशिराने उघडणाऱ्या वाहिकांतून पोटॅशियम बाहेर पडते. आत आलेले सोडियम त्या क्षणी आतच असते. उघड्या वाहिकेतून सेकंदाला दहा लाखांहून अधिक आयन जाऊ शकतात. पंप मात्र एका फेरीत ३ सोडियम बाहेर टाकून २ पोटॅशियम आत घेतो आणि मिलिसेकंदात त्याची एक फेरीही पुरी होत नाही.

याला प्रयोगाचा भक्कम आधार आहे. हॉजकिन आणि केन्स या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माकुळासारख्या प्राण्यांच्या जाड अक्षतंतूंचा (चेतापेशीच्या आवेग वाहून नेणाऱ्या लांब तंतूंचा) ऊर्जापुरवठा विषारी द्रव्याने रोखला. सोडियमचा उपसा मंदावला, तरीही अक्षतंतू आवेग वाहून नेतच राहिले. हे शक्य होते, कारण अशा जाड तंतूत एका आवेगाने आतल्या पोटॅशियमपैकी जेमतेम दहा लाखांतला एक भाग बाहेर जातो.

मी परीक्षेत हेच लिहिले होते आणि त्या उत्तराचे सगळे गुण कापले गेले. पुनर्तपासणीचा रीतसर अर्ज केला, तेव्हा परीक्षा कार्यालयाकडून “उत्तरसूचीनुसार मूल्यांकन योग्य आहे” एवढेच एका ओळीचे पत्र आले. उत्तरसूचीच चुकीची असू शकते, हे ऐकून घेण्याची तिथे कोणाची तयारी नव्हती. गुणांपेक्षा जास्त नुकसान हे झाले की, त्यानंतर बराच काळ मी बरोबर समजलेल्या गोष्टीवरच संशय घेत राहिलो.

याचा अर्थ पंप बिनकामाचा आहे असा कृपया घेऊ नये. आयनांच्या प्रमाणातली तफावत दीर्घकाळ तोच टिकवतो, विराम विभवात काही मिलिव्होल्टची थेट भरही घालतो, आणि बारीक तंतूंत, जिथे आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग मोठा असतो, त्याची गरज लवकर भासते. वर दिलेले आकडेही पेशीगणिक बदलतात. मी शिकवणारा माणूस आहे, वैद्य नाही. त्यामुळे एखाद्या आजाराच्या संदर्भात यावरून निष्कर्ष काढू नयेत.

माझ्या मते पाठांतरापेक्षा आकृती काढलेली बरी: विभवाच्या आलेखाखाली सोडियम आणि पोटॅशियम यांच्या वाहकतेचे (ते पटलातून किती सहज जातात याचे) आलेख त्याच कालरेषेवर काढावेत. विभव विराम पातळीच्याही खाली उतरते तेव्हा पोटॅशियमची वाहकता अजून चढीच असल्याचे त्यात दिसते, आणि परीक्षकाला दाखवायला तेवढी आकृती पुरेशी असते.