हद्दपार, निर्वासित आणि ‘त्रेमतिनीस’

लिथुआनियातील सोव्हिएत राजवटीवरील एका लेखाचा अनुवाद करणाऱ्या वाचकांनी विचारले आहे की, १९४१ साली सायबेरियात नेलेल्या कुटुंबांना मराठीत ‘हद्दपार’ म्हणावे, ‘निर्वासित’ म्हणावे की ‘विस्थापित’. माझा कौल ‘हद्दपार’ला आहे, मात्र तो शब्द वाक्यात एकटा सोडू नये.

आजच्या वाचकाला हा शब्द भेटतो तो बहुधा पोलिसांच्या तडीपारीच्या बातमीत. गुंडाला जिल्ह्याबाहेर काढतात, मुदत फार तर दोन वर्षांची असते, आणि हद्दीबाहेर तो कोणाकडे राहतो, काय खातो, याची उठाठेव तो आदेश करत नाही. शब्दाचा सारा भर ‘कुठून’ यावर आहे, ‘कुठे’ यावर नाही. आपण ‘जिल्ह्यातून हद्दपार’ म्हणतो, तेही त्यामुळेच.

लिथुआनियात नेमके उलटे घडले. १५ जून १९४० रोजी सोव्हिएत फौजा देशात शिरल्या आणि ऑगस्टच्या आरंभी तो सोव्हिएत संघाला जोडण्यात आला. पुढच्या वर्षी १४ जूनला धरपकड सुरू झाली आणि काही दिवसांतच शिक्षक, अधिकारी, शेतकरी, त्यांच्या बायका, म्हातारेकोतारे आणि तान्ही मुले अशी सुमारे १७ हजार माणसे मालगाड्यांत भरण्यात आली. राजधानी विल्निअसजवळच्या नाउयोयी विल्निया स्थानकावर पुरुषांना कुटुंबांपासून वेगळे काढून त्यांची रवानगी श्रमछावण्यांत झाली. बायकामुले मुख्यतः सायबेरियातल्या आल्ताय प्रांताकडे गेली आणि त्यांतल्या अनेकांना १९४२ मध्ये आणखी उत्तरेला, लाप्तेव समुद्राच्या गोठलेल्या किनाऱ्यावर मासेमारीच्या कामाला जुंपण्यात आले. राज्यकर्त्यांच्या हिशेबाने यांतील कोणीही सोव्हिएत संघाची हद्द ओलांडलीच नव्हती. त्यांना बाहेर घालवले नव्हते, तर आत, खूप आत नेऊन ठेवले होते. नेमून दिलेली जागा परवानगीवाचून सोडता येत नसे. मार्च १९४९ मध्ये नेलेल्या सुमारे ३२ हजार लोकांच्या बाबतीत तर मुदत ‘कायमची’ अशीच ठरवलेली होती.

मग ‘हद्दपार’ का चालावा? कारण या शब्दाचा जुना अर्थ तडीपारीपेक्षा मोठा आहे. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना झालेल्या सहा वर्षांच्या शिक्षेलाही हद्दपारी म्हटले जाते, आणि मंडाले तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातच होते. म्हणजे राज्याच्या आतच दूर नेऊन डांबणे हा अर्थ या शब्दाला परका नाही. ‘काळे पाणी’ हा पर्याय कानाला अधिक भिडतो खरा, पण त्यात समुद्र आहे आणि न्यायालयाने सुनावलेली शिक्षाही आहे. या कुटुंबांवर कोणताही खटला चाललेला नव्हता.

‘निर्वासित’ मात्र कटाक्षाने टाळावा. हिंदीत ‘निर्वासन’ म्हणजे घालवून देणे, पण मराठीत ‘निर्वासित’ म्हटले की फाळणीनंतर कल्याणच्या छावणीत आलेले सिंधी बांधव आठवतात, म्हणजे जीव वाचवण्यासाठी स्वतः निघालेली माणसे. लिथुआनियाला तीही होती: १९४४ मध्ये लाल सेना, म्हणजे सोव्हिएत फौज, पुन्हा लिथुआनियात शिरत असताना हजारो लोक पश्चिमेला जर्मनीकडे पळाले. एकाच लेखात दोन्ही गट आले आणि दोघांनाही ‘निर्वासित’ म्हटले, तर सायबेरियात कोण गेले आणि जर्मनीत कोण, याचा वाचकाला पत्ता लागणार नाही. ‘विस्थापित’ आपल्याकडे धरणग्रस्तांशी इतका जोडला गेला आहे की त्यात पुनर्वसनाची फाईलच डोळ्यांपुढे येते.

लिथुआनियन भाषेला ही अडचण नाही. तिथे ‘त्रेमतिस’ म्हणजे ही हद्दपारीची अवस्था आणि ‘त्रेमतिनीस’ म्हणजे ती भोगलेली व्यक्ती. राजकीय कैद्यांसाठी वेगळा शब्द आहे. (संस्कृतातल्या ‘अग्नि’ला ‘उग्निस’ आणि ‘सूनु’ला, म्हणजे पुत्राला, ‘सूनुस’ म्हणणाऱ्या या भाषेकडून एखादा शब्द उसना घ्यायला मला तरी संकोच वाटणार नाही.) लेख मोठा असेल तर ‘त्रेमतिनीस’ एकदा अर्थासह देऊन पुढे तसाच वापरावा. लेख छोटा असेल, तर ठिकाण आणि कैद ही दोन्ही क्रियापदांतच आणावीत: ‘त्या कुटुंबाला राहत्या घरातून उचलून आल्तायमध्ये हद्दपार करण्यात आले व तेथेच डांबून ठेवण्यात आले.’