लेन्सवरचा तांबडा ठिपका

प्रश्न : काका, माझ्याकडं आरशाचा (डीएसएलआर) डिजिटल कॅमेरा, बाबांच्या वेळची 50 मिमीची मॅन्युअल लेन्स आणि नवा 720 नॅनोमीटरचा इन्फ्रारेड फिल्टर (डोळ्याला न दिसणारा, तांबड्यापलीकडचा उजेड आत सोडणारा) आहे. पन्हाळ्यावर तीन दरवाजाचे फोटो काढले. आधी फोकस करते, मग फिल्टर चढवते. झाडं पांढरीशुभ्र येतात, पण दगडातलं कोरीवकाम मऊ दिसतं. उजेड कमी पडतो म्हणून अपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, मोठं, एफ/2 ठेवते. दुकानदार म्हणतात, एपीओ लेन्स घ्या. घेऊ का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : एवढ्यात पैसे मोडू नका. तुम्ही फोकस करता डोळ्याला दिसणाऱ्या उजेडात आणि फोटो निघतो न दिसणाऱ्या उजेडात. साध्या लेन्समधून इन्फ्रारेड किरण थोडे मागं जाऊन एकत्र येतात. 50 मिमीला हा फरक साधारण मिलिमीटरचा आठवा हिस्सा. ऐकायला किरकोळ, पण एफ/2 वर तेवढ्यानं कोरीवकाम जातं. एफ/8 वर, म्हणजे छिद्र लहान केलं की, बरंचसं झाकलं जातं.

आता तुमची लेन्स हातात घ्या. फोकसच्या मधल्या रेषेशेजारी तांबडा ठिपका किंवा बारीक रेघ असेल. ती याचसाठी. दरवाजा स्पष्ट दिसल्यावर रेषेसमोर 5 मीटर आलं असेल, तर रिंग फिरवून तो 5 चा आकडा तांबड्या ठिपक्यासमोर आणा. मगच फिल्टर लावा. खूण फिल्मच्या जमान्यातली आहे, तेव्हा तुमच्या फिल्टरला किंचित मागंपुढं करावं लागेल. मी स्वतः एकदा अंधारात भरलेला इन्फ्रारेडचा अख्खा रोल रंकाळ्यावर घालवला, ठिपक्याकडं बघायचंच विसरलो म्हणून. 36 च्या 36 मऊ!

एपीओ म्हणजे तीन रंग एकाच जागी आणणारी लेन्स. जर्मन शास्त्रज्ञ आबे यांनी 1886 मध्ये येनाच्या झाईस कंपनीसाठी सूक्ष्मदर्शकाची अशी भिंगं बनवली. पण ते तिन्ही रंग सहसा डोळ्याला दिसणारेच असतात. तांबड्याच्या पलीकडं तीच लेन्स नीट वागेल, याची हमी ‘एपीओ’ ही तीन अक्षरं देत नाहीत. लेन्स इन्फ्रारेडपर्यंत सुधारलीय असं बनवणाऱ्यानं स्पष्ट लिहिलं असेल, तरच त्या शब्दाला किंमत.

तुमच्या कॅमेऱ्यात लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावर थेट चित्र बघायची सोय, असेल तर त्याहून सोपं. भर दुपारी फिल्टर लावूनच, अपर्चर पूर्ण उघडून, पडद्यावर चित्र मोठं करून दगडाच्या कडेवर फोकस करा. पानांवर नको, गडावरच्या वाऱ्यात काही सेकंदांच्या एक्स्पोजरला ती हलणारच, आणि दोष लेन्सला लागेल. मग एफ/8 करा, ट्रायपॉड घट्ट रोवा. एफ/11 च्या पुढं जाऊ नका, इन्फ्रारेडच्या लांब लहरींना बारीक छिद्र लवकर बाधतं, चित्र पुन्हा मऊ होतं.

एवढं करूनही फोटोच्या मधोमध पांढुरका गोल डाग दिसला, तर मात्र ती लेन्स इन्फ्रारेडला बाजूला ठेवा. तो फोकसनं जात नाही.