तीन हजारांत चांगल्या आवाजाचे आणि कान न दुखवणारे इन-इअर कोणते?

तुमचा प्रश्न असा: रोज बोरिवली ते चर्चगेट, बजेट तीन हजार, बेस चांगला हवा, आणि आत्ताचे इअरफोन अर्ध्या तासात कान दुखवतात. मॉडेलचं नाव खाली देतो. आधी रबराचं, म्हणजे इअरफोनच्या टोकाला असतं आणि कानाच्या नळीत बसतं त्या मऊ टोपणाचं, बोलू, कारण बेस न येणं आणि कान दुखणं या बहुतेक वेळा एकाच कारणाच्या दोन तक्रारी असतात.

इन-इअरचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा पडदा, साधारण दहा मिलिमीटरचा. एवढ्याशा पडद्याला खालचे सूर, म्हणजे बेस, देता येतात ते कानाची नळी हवाबंद असेल तरच. रबर आणि कातडी यांच्यात बारीकशी फट राहिली तरी खालचे सूर गळून जातात. मधले आणि वरचे जागच्या जागी राहतात, त्यामुळे आवाज पातळ, पत्र्यासारखा लागतो. मग माणूस एकतर आवाज वाढवतो, नाहीतर इअरफोन आत दाबतो. आवाज वाढवून कान शिणतात आणि दाबून नळीचं तोंड ठणकतं.

आमच्या भावोजींचं हेच झालं, आणि तो वाद घरात अजून चालू आहे. त्यांनी अठरा हजारांचे इअरबड्स घेतले. आठवड्याभरात निकाल: "नाव मोठं, लक्षण खोटं. बेसच नाही." डब्यात रबराच्या तीन जोड्या होत्या, पण बड्सवर आलेली मधली जोडीच तशीच राहिली. त्यांच्या डाव्या कानाची नळी उजव्याहून मोठी आहे. हे अगदी सर्रास असतं, पण "दोन्ही कान सारखेच की" यावर ते ठाम. डावीकडून गळती, म्हणून अॅपमध्ये बेस पूर्ण वर. त्याने उजवा कान ढणढणायला लागला, डावा तसाच कोरडा, आणि जोरात वाजवलं की ड्रायव्हर फाटका आवाज द्यायचा. म्हणजे कंपनीच खराब. दिवाळीला डाव्या बाजूला मोठं रबर चढवलं, उजवीकडे मधलंच ठेवलं, आणि बेस आला. यावर भावोजींचं म्हणणं काय? "चाळीस तास वाजले ना, आता ड्रायव्हर खुलला."

असो. तुम्ही काय करायचं ते सांगतो. दोन्ही कानांत वेगवेगळ्या मापाची रबरं चालतात, हे पहिलं मान्य करा. घालताना विरुद्ध बाजूच्या हाताने, डोक्यावरून, कानाची वरची पाळी वर आणि किंचित मागे ओढा, तोंड थोडं उघडा, इअरफोन हलकेच फिरवत आत न्या आणि मग पाळी सोडा. नळी वाकडी असते. पाळी ओढल्यावर ती सरळ होते, दाबावं लागत नाही. मग तोंड मिटून "म्‌ऽऽ" असा सूर लावा. तो डोक्याच्या मधोमध घुमला तर दोन्ही बाजू बंद झाल्या. डावीकडे झुकला तर उजवी गळतेय, आणि उजवीकडे झुकला तर डावी. या चाचणीला पैसे लागत नाहीत. आणखी खात्री हवी असेल तर ४० ते ५० हर्ट्झचा सलग सूर फोनवर लावा आणि दोन्हीकडे सारखा येतो का बघा.

कुठे दुखतंय यावरून दोष कळतो. नळीच्या तोंडाशी दुखत असेल तर रबर मोठं किंवा कडक आहे, एक माप खाली या किंवा मऊ सिलिकॉन घ्या. कानाच्या वाटीत दुखत असेल तर इअरफोनचं अंगच मोठं आहे, रबर बदलून ते जाणार नाही, परत करा. कानाच्या वरच्या मुळाशी काचत असेल तर कानामागून जाणाऱ्या वायरचं हुक ताठ आहे. बहुतेक हुकांवर गरम करून वळण दिलेली प्लास्टिकची नळी असते, ती काढून टाकता येते. फार लहान रबर मात्र फसवं असतं. मऊ लागतं, खोल जातं, आणि चालताना सुटतं.

फोमची रबरं हा दुसरा मार्ग. दोन बोटांत पिळून बारीक करायची, घालायची, आणि वीस-तीस सेकंद धरून ठेवायची, म्हणजे नळीच्या आकारात फुगतात. मऊ असतात, लोकलचा गोंगाट जास्त अडवतात. पण वरचे सूर थोडे बोथट होतात, आणि मुंबईच्या घामात दोन-तीन महिन्यांत मरतात: फुगणं मंदावतं, रंग पिवळा पडतो. तो खर्च धरून चाला. मागवण्याआधी इअरफोनच्या ज्या नळकांड्यावर रबर चढतं त्याचं माप घ्या, साधारण साडेचार ते सहा मिलिमीटर असतं. सैल रबर इअरफोनवरून निसटून कानातच राहतं आणि काढायला डॉक्टर गाठावा लागतो. वायरलेस बड्सना आखूड रबरं लागतात, लांब घेतलीत तर चार्जिंगची डबी बंदच होत नाही.

आता वायर की ब्लूटूथ. तीन हजारांत वायर. ब्लूटूथमध्ये त्याच पैशात बॅटरी, चिप, डबी, माइक सगळं बसवायचं असतं; ड्रायव्हरच्या वाट्याला उरतं ते किरकोळ. या किमतीचं नॉइज कॅन्सलिंग लोकलच्या डब्यातली खालची घरघर कमी करतं, चाकांची आणि मोटरची. शेजारच्या भजनी मंडळाचे टाळ त्याला आवरत नाहीत, ते रबरच अडवतं. ब्लूटूथच घेणार असाल आणि त्यात एलडॅक (ब्लूटूथवरून जास्त तपशिलाचा आवाज पाठवायची पद्धत) असेल तर दादरच्या गर्दीत त्याचा ९९० केबीपीएसचा वरचा वेग तुटत राहील, फोनमध्ये खालच्या वेगावर ठेवा. आयफोनला एलडॅक चालतच नाही.

नावं: मूनड्रॉप चू २ किंवा सेव्हन हर्ट्झ झीरो २. दोन्हींत एकच डायनॅमिक ड्रायव्हर, दोन्हींची वायर वेगळी निघते, ०.७८ मिलिमीटरची दोन-पिन. बेस तुम्हाला ठळक हवाय, तर झीरो २. चू २ अंगाने छोटे, वाटी लहान असेल तर ते. धातूच्या इअरफोनचा मात्र एक त्रास: एसी लोकलमध्ये धातू गार पडतो, कानातली दमट हवा जाळीवर साचते, एका बाजूचा आवाज बारीक होतो. काढून हवेशीर ठेवले की बहुधा ठीक होतात. हेअर ड्रायर मारू नका.

फोनला गोल जॅक नसेल तर कन्व्हर्टर लागेल, आणि त्यात डॅक (फोनच्या डिजिटल आकड्यांचा आवाज करणारी चिप) असलेलाच. स्टेशनबाहेरचे स्वस्त कन्व्हर्टर अनेकदा नुसत्या तारा जोडलेले असतात; टाइप-सीमधून थेट अॅनालॉग देणाऱ्या फोनवरच चालतात, बाकीच्यांवर मुके. अॅपलचा कन्व्हर्टर चांगला, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज बारीक येतो. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाणार असाल तर जा, पण नामांकित ब्रँड अर्ध्या भावात मिळाला तर तो नकली समजा.

ऐकून पारखायचं तर डग्ग्याचा घिस्सा (तळहात सरकवून काढलेला बोल), तानपुऱ्याची जवारी (तारांची झणझण), आणि गायकाचे "स" आणि "श" लावा. घिस्स्यात सूर सरकताना ऐकू यायला हवा, नुसता धप्प नको. जवारी नुसती गुणगुण झाली तर वरचे सूर दबलेत. "स" टोचला तर पाच-आठ किलोहर्ट्झला उंचवटा आहे, आणि तो रबर थोडं खोल किंवा बाहेर नेऊनही बदलतो. दोन इअरफोनची तुलना आवाज सारखा ठेवून करा, नाहीतर जो मोठा वाजेल तोच चांगला वाटेल.

आणि तो "ड्रायव्हर खुलण्याचा" मुद्दा. चाळीस तास वाजवून मोजमापात जो फरक दिसतो, त्याहून मोठा फरक रबर मिलिमीटरभर हललं की पडतो. ज्यांना पटत नाही त्यांनी एकाच मॉडेलचे दोन नग घ्यावेत, एक वाजवावा, एक डब्यात ठेवावा, आणि मग तीच रबरं दोन्हींवर आलटून पालटून लावून कुठला कुठला ते डोळे मिटून ओळखावं. आमच्या घरी हे आव्हान अजून कोणी घेतलेलं नाही. हां, कान नव्या आवाजाला सरावतो, हे खरं. पण सरावतो तो कान.

राहिलं ते: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० असेल तर फक्त ४ तास. लोकलच्या गोंगाटावर मात करायला गेलात तर ९० सहज होतं, म्हणून रबर नीट बसवा. कान वाहत असेल, आत मळ घट्ट झाला असेल किंवा खाज सुटत असेल तर आधी कान दाखवा, इअरफोन नंतर.