ग्रीसमधल्या पात्मोस बेटाचा इतिहास काय आहे? ख्रिस्ती नसलेल्या माणसानं तिथं बघावं असं काही आहे का?

आहे, भरपूर आहे. फक्त समुद्रात डुंबायला जाणार असाल तर एवढी वाट वाकडी करू नका, त्यासाठी अथेन्सच्या जवळपास पुष्कळ बेटं आहेत. मी नोकरीनिमित्त तीन वर्षं पिरेयसला, म्हणजे अथेन्सच्या बंदरात होतो, तेव्हा दोनदा जाऊन आलो. मीही ख्रिस्ती नाही.

बेट जेमतेम ३४ चौरस किलोमीटर, वस्ती तीनेक हजार, तुर्कस्तानच्या किनाऱ्यासमोर. विमानतळ नाही. पिरेयसहून बोटीनं सात-आठ तास लागतात. उतरता ते बंदर स्काला, आणि वर डोंगरावरचं गाव होरा. नकाशावरची इंग्रजी अक्षरं वाचून त्याला 'चोरा' म्हणू नका, मी म्हणालो होतो.

बेटाचं नाव झालं ते बायबलच्या शेवटच्या पुस्तकामुळे, म्हणजे प्रकटीकरणामुळे. आपण पात्मोसवर होतो असं त्याचा लेखक योहान स्वतःच सांगतो. परंपरा म्हणते, सम्राट डोमिशियनच्या काळात, इ.स. ९५च्या सुमारास त्याला इथं हद्दपार केलं होतं. हा योहान आणि येशूचा शिष्य योहान एकच का, यावर अभ्यासकांत वाद आहे. बेटावर मात्र हा प्रश्न कुणाला पडत नाही. स्काला आणि होरा यांच्या मधोमध ती गुहा आहे. आत खडकाला तीन फटी, त्या म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. योहान जिथं डोकं टेकायचा ती खोबण चांदीनं मढवलेली. तो सांगायचा आणि शिष्य प्रोखोरोस उभ्यानं लिहून घ्यायचा, ती कपारही दाखवतात. व्यासांनी सांगावं आणि गणपतीनं लिहावं, हे ऐकत वाढलेल्या माणसाला तिथं फारसं परकं वाटत नाही.

पण मला विचाराल तर पात्मोसची खरी गंमत १०८८ सालापासून सुरू होते, आणि ती आहे एका सनदेत. ख्रिस्तोदुलोस नावाचा साधू आशिया मायनरमधला (आजच्या तुर्कस्तानातला) आपला मठ तुर्कांच्या भीतीनं सोडून आला होता. कोस बेटावर त्याला जमिनी होत्या. त्या परत घ्या आणि मला पात्मोस द्या, अशी त्यानं बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन सम्राट अलेक्सिओस कोम्निनोसला गळ घातली. सम्राटानं ओसाड पडलेलं अख्खं बेट करमाफीसह त्याच्या नव्या मठाला देऊन टाकलं. आपल्याकडचं देवस्थान इनामच म्हणा ना! ती सनद मठाच्या संग्रहालयात आहे, खाली सम्राटाची तांबड्या शाईतली सही. मी सगळ्यात जास्त वेळ तिच्यासमोर उभा होतो.

पुढची गोष्ट अगदी माणसांची आहे. ख्रिस्तोदुलोसला बेटावर बायका नको होत्या. पण बांधकामाचे मजूर घरच्यांशिवाय टिकेनात, तेव्हा त्यांच्या कुटुंबांना उत्तरेच्या टोकाला राहायची परवानगी द्यावी लागली. आणि चाचेगिरीला कंटाळून शेवटी त्यालाच बेट सोडावं लागलं. १०९३ मध्ये तो एव्हिया बेटावर वारला. त्याच्या अस्थी मात्र परत मठात आहेत.

चाच्यांच्या भीतीमुळेच योहानाच्या नावाचा हा मठ लांबून देऊळ वाटतच नाही, गढी वाटते. पांढऱ्या घरांच्या डोक्यावर करड्या दगडाची तटबंदी, आणि दरवाजाच्या वर हल्लेखोरांवर उकळतं तेल ओतायला ठेवलेली जागा. बायझंटाइन राजधानी कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडल्यावर (१४५३) आणि पुढे क्रीट बेटही गेल्यावर (१६६९) तिथले निर्वासित याच तटाच्या आसऱ्याला आले, होरा त्यांच्यामुळे वाढलं.

मठाचा ग्रंथसंग्रह हा आणखी एक खजिना. १२०० सालच्या आसपास केलेल्या यादीत ३३० हस्तलिखितं होती. जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईनं लिहिलेल्या सहाव्या शतकातल्या मार्कच्या शुभवर्तमानाची (बायबलमधल्या येशूचरित्राची) ३३ पानं इथं आहेत. प्लेटोच्या संवादांची इ.स. ८९५ची प्रत मात्र इथं बघायला मिळणार नाही: १८०१ मध्ये एडवर्ड क्लार्क हा इंग्रज प्रवासी ती विकत घेऊन गेला, आता ती ऑक्सफर्डला आहे. आपल्या मूर्ती आणि पोथ्या कुठं कुठं गेल्या हे माहीत असलेल्याला याचं नवल वाटायचं नाही.

राजकीय इतिहास थोडक्यात: सोळाव्या शतकात ऑटोमन तुर्क आले, वार्षिक खंडणीवर मठ शाबूत राहिला. १६५९ मध्ये व्हेनिसचा सेनापती मोरोसिनी यानं बेट लुटलं, म्हणजे लुटणारे ख्रिस्तीच. १९१२ पासून इटालियन, मग जर्मन, आणि १९४८ मध्ये ग्रीस. होरा, मठ आणि गुहा १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

जमलं तर ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या आठवड्यात जा. पवित्र गुरुवारी होराच्या चौकात मठाधिपती बारा साधूंचे पाय धुतात. मात्र खोली फार आधी ठरवावी लागेल. एरवी सकाळी लवकर जा, मठ दुपारी बंद असतो. वर जायला बस आहे, पण जुनी दगडी पायवाट चांगली, गुहा वाटेतच लागते. गुहेत फोटो काढू देत नाहीत. आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला. मी अर्ध्या चड्डीत गेलो, दारावर एक कापड हातात मिळालं आणि अख्खा मठ मी लुंगी नेसून पाहिला.